परदेशगमन : पडद्यावरचे आणि घरातले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन मंडळाचे चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. रात्री आठला कोणत्याही मराठी घरी जाऊ नये, हे इतक्या वर्षांच्या वर्गणीवसुलीनंतर त्यांना ठाऊक असायला हवे होते. मालिका रंगात आली होती. थोरला मुलगा परदेशी निघाला होता. आई देवघरापाशी पाठमोरी उभी होती, वडील चष्मा पुसत होते आणि धाकटी जाऊ दाराआड समाधानाने हसत होती. मुलाच्या तळहातावर दही पडले, आणि ते तोंडात जाण्यापूर्वीच भाग संपला. चिटणीस म्हणाले, “यावरच बोला की तुम्ही! परदेशी जाऊ पाहणारी कुटुंबे टीव्हीवर कशी दाखवतात, यावर.” मी होकार दिला. त्याच आठवड्यात आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला होता, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. आज येथे सांगणार आहे. आपण सारे घरचेच आहात.

मी मालिका पाहणारा माणूस आहे, हे आरंभीच कबूल करतो. ‘आम्ही टीव्ही पाहतच नाही’ असे सांगणाऱ्या सुशिक्षितांपैकी मी नव्हे. त्यातही बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाला ही चैन फार उशिरा लाभली. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झाले. पुण्यामुंबईचे आमचे नातेवाईक सुट्टीला आले की ‘चिमणराव’ची वर्णने करीत, आणि आम्ही परक्या लग्नातल्या पंगतीची हकीकत ऐकावी तसे ऐकत असू. येथले केंद्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाले, अर्थातच कन्नडमध्ये, आणि ते योग्यच होते. त्यापुढे १९९९ च्या ऑगस्टात अल्फा मराठी वाहिनी निघाली. आमच्या वस्तीतील केबलवाल्याने ती दाखवावी म्हणून आम्ही अकरा मराठी बिऱ्हाडांनी सह्यांचा अर्ज केला होता. ‘आभाळमाया’चा पहिला भाग घरात दिसला त्या दिवशी सौ.ने शेजारच्या कन्नड वहिनींना बोलावून काहीतरी गोड खाऊ घातल्याचे मला आठवते. मराठी मालिका आमच्याकडे आल्या त्या अशा, आमच्यासारख्याच, घर सोडून दूर आलेल्या.

आता मुद्द्याकडे येतो. दूरचित्रवाणीच्या मालिकेत परदेशी जाऊ पाहणारे कुटुंब दिसते तेव्हा नेमके काय दिसते?

पहिली गोष्ट अशी की, कुटुंब असे दिसतच नाही. दिसतो एक जाणारा, आणि बाकीचे अडविणारे. २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका लागली होती. ती आपल्यापैकी पुष्कळांनी आवडीने पाहिली, मीही पाहिली. त्यातील घनश्यामला अमेरिकेला जायचे आहे, घरच्यांना त्याचे लग्न करायचे आहे, आणि राधेला आपल्या वडिलांना सोडून जायचे नाही. म्हणून दोघे कराराचे लग्न करतात आणि पुढे खरोखरच एकमेकांचे होतात. मालिका प्रसन्न होती, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्यातील अमेरिका आठवून पाहा. ती देश म्हणून कोठेच नाही. पगार किती, राहायचे कोठे, परत कधी यायचे, या गोष्टींना कथेत वजन नाही. नायक-नायिकेला एका छपराखाली आणायला जे निमित्त हवे होते, ते निमित्त म्हणजे अमेरिका. पूर्वीच्या नाटकांत हेच काम मृत्युपत्र करीत असे.

दुसरे निरीक्षण आपणही केले असेल. एखादा नट मालिका सोडून गेला की त्याचे पात्र परदेशी जाते. मालिकेतील अमेरिका म्हणजे रंगमंचाची विंग होय. तेथे गेलेल्याचे पत्र येत नाही की फोन येत नाही, आणि घरात कोणाला त्याची आठवणही होत नाही. तो परततो तो थेट वाटणीच्या दिवशी, चाके लावलेली बॅग ओढीत. यात लेखकाचा दोष मी फारसा मानत नाही. दररोजची मालिका ही एका घराच्या नेपथ्यावर उभी असते. घर एकदा उभारले की त्यातच दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर आणि जिना यांवर शेकडो भाग निघायचे असतात. विमानतळावर चित्रण करायचे तर परवानगी हवी आणि खर्च हवा. म्हणून साऱ्या प्रस्थानांची गर्दी उंबरठ्यावर होते. एरवी जो निर्णय पुरा व्हायला घरोघर दोन-दोन वर्षे लागतात, तो पडद्यावर दही, निरांजन आणि एक हुंदका एवढ्यात उरकतो.

पण हा साचा मालिकांनी निर्माण केला असे नव्हे. त्याचे मूळ रंगभूमीवर आहे. जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ १९७३ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा हवाई दलात, आणि घरात नाना-नानी दोघेच. आपल्या मंडळाच्या हौशी कलावंतांनीही एका वर्षी ते केले होते. शेवटच्या अंकानंतर टाळ्या वाजवायला कोणाचे हात उठेनात, असे ते नाटक. ज्यांनी ते त्या काळात पाहिले, त्यांच्या मनात ‘परदेशी गेलेला मुलगा’ म्हटले की ते रिकामे घरच उभे राहते. तथापि काळाचा विचार केला पाहिजे. १९७३ साली सातासमुद्रापलीकडून पत्र यायचे म्हणजे दिवस मोजावे लागत, आणि ट्रंक कॉल लागला तरी निम्मा वेळ ‘हॅलो, ऐकू येतं का’ यातच जाई. दळवींनी दाखविलेला एकांत त्या काळाचा खरा एकांत होता. आज आमच्या मजल्यावरचे गृहस्थ टोरांटोतील नातीला रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर पाढे म्हणायला लावतात आणि त्या पोरीला पळता भुई थोडी करतात. तो एकांत नाहीसा झाला असे मी म्हणत नाही. त्याचे रूप बदलले आहे, आणि ते नवे रूप दाखवायचे कष्ट मालिकांनी घेतलेले नाहीत. जुनेच रूप हुंदक्यांसह उधार घेतले आहे.

याहून निराळे काही पडद्यावर झालेच नाही का? झाले आहे, आणि ते बंगळूरकरांच्या हातून झाले आहे. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ ही मालिका १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर आली. चित्रण शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे गावी झाले. शंकर नाग आणि अनंत नाग हे बंधू कोकणी बोलणाऱ्या घरातले, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले, आणि कर्नाटकाने डोक्यावर घेतलेले. शंकर नाग १९९० साली दावणगेरेजवळच्या मोटार-अपघातात गेले, तेव्हा हे शहर कसे सुन्न झाले होते ते आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. या मालिकेत आर. के. नारायण यांच्या १९६७ च्या कादंबरीवरून घेतलेले ‘मिठाईवाला’ हे कथानक अनेक भागांत होते, आणि त्यातील जगन अनंत नाग यांनी उभा केला होता. जगन हा चरखा चालविणारा, गांधींना मानणारा, आणि तरीही मिठाईच्या गल्ल्यातील पैसे गुपचूप बाजूला ठेवणारा दुकानदार. मुलाला कॉलेज नको, लेखक व्हायचे आहे, आणि लेखक होणे शिकायला अमेरिकेला जायचे आहे. जाण्याच्या खर्चाचे पैसे त्याने बापाच्या त्या गुप्त ठेव्यातूनच परस्पर उचलले, हे बापाला मागाहून कळते. आता बाप काय करतो? तो देवघरापाशी उभा राहत नाही. तो मुलाच्या हिमतीचे कौतुक करतो! पुढे मुलाची पत्रे आली की गावात भेटेल त्याला तो अमेरिकेची माहिती सांगत सुटतो. हे हास्यास्पद आहे, करुण आहे आणि अगदी खरे आहे. अभिमान, चोरी, पैसा, भाबडेपणा आणि बापलेकांत न होणारे बोलणे हे सगळे त्यात आहे. पडद्यावर परदेशगमनाचा प्रश्न इतक्या बारकाईने मांडलेला मी दुसरा पाहिला नाही.

परत येण्याची गोष्टही दूरचित्रवाणीने सांगून पाहिली आहे. आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ हा २००४ सालचा चित्रपट सर्वांना माहीत आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर त्याचे चित्रण झाले. त्याचे बीज मात्र त्याआधीच्या एका हिंदी मालिकेतील ‘वापसी’ या कथेत होते, आणि तीत स्वतः गोवारीकरांनीच काम केले होते. तेथेही माणूस एकटाच परततो. बायको, मुलांची शाळा, कर्जाचे हप्ते यांतले काही त्याच्यामागे नाही. एकट्या माणसाला जाणेही सोपे आणि येणेही सोपे.

येथे एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. २०१६ साली ‘काहे दिया परदेस’ ही मालिका झी मराठीवर आली. मुंबईची मराठी मुलगी आणि बनारसचा मुलगा. म्हणजे वाहिनीच्या हिशेबी परदेश बनारसपासूनच सुरू होतो. मग आपण कोठे राहतो? सांगलीला गेलो की आजही मला विचारतात, “काय, तिकडचं कसं काय?” आपण येथे आलेले पहिले नव्हे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी माणूस येथे नांदतो आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० मध्ये येथे काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. दुसऱ्या बाजूने, इन्फोसिस १९८१ मध्ये निघाली पुण्यात आणि दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवून आली बंगळुरात. एवढी जुनी ही ये-जा, पण राज्याबाहेर गेलेल्या कुटुंबावर मराठी वाहिनीला एक धड मालिका सुचू नये, याचा मला मनापासून राग आहे. असो.

आता घरचे सांगतो.

आमचे चिरंजीव एकोणचाळीस वर्षांचे आहेत, येथेच संगणकाच्या व्यवसायात आहेत. सूनबाई नोकरी करतात. नातू नऊ वर्षांचा आहे. गेल्या उन्हाळ्यात चिरंजिवांनी ऑस्ट्रेलियाला कायमचे जाण्याचा विषय काढला. मी ऐकून घेतले. तीन दिवस काही बोललो नाही. चौथ्या दिवशी जेवताना मी ताट पुढे सरकवले आणि म्हणालो, “जा, खुशाल जा. शेवटी आमच्या तोंडात पाणी घालायलाही कोणी नसेल, एवढं ध्यानात ठेव.”

सगळे स्तब्ध झाले. मग नातवाने विचारले, “आजोबा, हे त्या सीरियलमधलं आहे ना?”

बंधुभगिनींनो, ते त्याच मालिकेतील होते. शब्दसुद्धा बदललेला नव्हता. ताट पुढे सरकवण्याची रीतही तेथलीच होती. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ताटावर राग काढणारा पुरुष आमच्या घराण्यात कोणी पाहिलेला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. १९७४ साली मी येथे आलो तो दिवस आठवला. येथील एका सरकारी कारखान्याचे नेमणुकीचे पत्र आले होते. सांगलीच्या आमच्या घरात तेव्हा टीव्ही नव्हताच, रेडिओ होता तोही शेजाऱ्यांचा. वडिलांनी पत्र दोनदा वाचले आणि तीन प्रश्न विचारले. पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे किती कापणार, भाड्याची खोली कारखान्यापासून किती लांब, आणि तिकडचे पाणी कसे आहे. मला एकाचेही उत्तर ठाऊक नव्हते. मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने निघालो तेव्हा त्यांनी फलाटावर एक कोरे आंतरदेशीय पत्र हातात दिले, आपला पत्ता आधीच घालून. आई स्टेशनवर आली नव्हती. ती चार दिवस कोणाशी बोलली नाही, हे मला पुढे बहिणीकडून कळले. तिने मला काही ऐकविले नाही. बहुधा ऐकवायला तिच्यापाशी तयार वाक्य नव्हते. माझ्यापाशी होते. रोज रात्री आठ वाजता ते मला शिकविले जात होते.

सकाळी मी चिरंजिवांना म्हटले, “काल मी बोललो ते सोडून दे. काय कागद आहेत ते दाखव.”

त्यांनी कागद दाखविण्यापूर्वी संगणकावर एक कार्यक्रम लावला. बीबीसीचा ‘वॉन्टेड डाउन अंडर’ हा कार्यक्रम, २००७ पासूनचा. इंग्लंडमधील एखादे कुटुंब ऑस्ट्रेलियाला किंवा न्यूझीलंडला जावे की नाही या विचारात असते. त्यांना आठवडाभर तेथे नेतात. घरे दाखवितात, नोकरीसंबंधी विचारपूस होते, पगार आणि वाणसामानाच्या किमती दोन्हीकडच्या मांडून दाखवितात. मग मागे राहणाऱ्या आईवडिलांचे, भावंडांचे चित्रमुद्रित निरोप ऐकवितात. शेवटी घरातील प्रत्येक जण, पोरेसोरेसुद्धा, या देशाचे किंवा त्या देशाचे निशाण असलेली पाटी उचलून आपले मत देतो. एका आठवड्याच्या उन्हात देश कळतो असे मला वाटत नाही, आणि तेथे दाखविलेले पोहण्याचे तलाव बंगळुरातील जाहिरातींत मीही पुष्कळ पाहिले आहेत. तरी दोन गोष्टी मनात राहिल्या. एक म्हणजे, बटाट्याचा भाव बोलायला कोणाला लाज वाटत नव्हती. दुसरी म्हणजे ती पाटी. आठ वर्षांच्या मुलीला कोणी विचारते, आणि तिचे उत्तर ऐकून बापाचा चेहरा बदलतो, हे मी मराठी पडद्यावर पाहिलेले नाही. आमच्या मालिकेतील मूल दूध पिऊन झोपायला जाते, म्हणजे मोठ्यांना भांडता यावे.

मग कागद पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांच्या व्हिसाला गुण असतात. किमान ६५ लागतात, आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून पुष्कळ जास्त. वयाला गुण आहेत : तेहतीस ते एकोणचाळीस या वयाला २५, चाळीस ते चव्वेचाळीस या वयाला १५, पंचेचाळीसपासून दार बंद. निमंत्रण येईल त्या दिवशीचे वय धरतात. आमचे चिरंजीव येत्या डिसेंबरात चाळीस पूर्ण करतात. म्हणजे एका वाढदिवसाने दहा गुण जाणार. इंग्रजीची परीक्षा, पदवीची आणि अनुभवाची तपासणी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी हे सारे निराळेच. मला प्रथमच कळले की माझा मुलगा तीन महिने पहाटे उठून इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करीत होता. मी समजत होतो, तो कंपनीच्या कामासाठी उठतो. आमच्या घरात हे घडत होते आणि मी दिवाणखान्यात बसून दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा परदेशी जाताना पाहत होतो.

अमेरिका का नको, असे मी विचारले. २०२५ च्या जानेवारीत बंगळुरातही अमेरिकन वकिलात उघडण्याचा समारंभ झाला, एरवी मुलाखतीला चेन्नईची वारी ठरलेलीच असे, तेव्हा आता सोय झाली असेल असे मला वाटले. ते हसले. तेथील कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या लोकांना सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतीयांची रांग इतकी लांब आहे की नातू मोठा होऊन तिच्यातून बाहेर पडेल. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले. मालिकेतील अमेरिकेला यातले काही ठाऊक नाही. तेथे अजून मनात आले की माणूस जातो.

आणि आमचे काय, हेही मी विचारले. या वेळी स्वतःच्या आवाजात. ऑस्ट्रेलियात आईवडिलांना कायमचे नेण्याचा जो साधा व्हिसा आहे, त्याची रांग तीस वर्षांच्या वर आहे. हिशेब केला तर माझा नंबर लागेल तेव्हा मी एकशे चार वर्षांचा असेन. यावर आम्ही सगळेच हसलो, आणि सौ. हसता हसता उठून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती वही घेऊन. तिचे म्हणणे असे की ही चौथ्या मजल्यावरची तीन खोल्यांची जागा दोघांना मोठी होईल आणि लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, तेव्हा तळमजल्यावर लहान जागा आतापासूनच पाहावी. डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर हवा. परदेशस्थ मुलांच्या पालकांची संघटना या शहरात आहे, तिची चौकशी करावी. आणि मुलाने वर्षातून एकदा यावे, पण गणपतीत नव्हे, उन्हाळ्यात, कारण गणपतीत तिकिटे महाग असतात आणि मंडळाच्या कार्यक्रमांमुळे आम्हालाच वेळ नसतो. एवढे बोलून तिने वही मिटली. ती रडली असेल तर आत रडली. ते दाखवायला आमच्या घरात कॅमेरा नव्हता.

अर्ज गेला आहे. निमंत्रण अजून आलेले नाही. येईल की नाही आणि डिसेंबरच्या आत येईल का, हे मेलबर्नला ठाऊक नाही की मल्लेश्वरमला नाही. ती मालिका मी अजून पाहतो. त्या थोरल्या मुलाचे जाणे रद्द झाले. विमानतळाच्या वाटेवर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि त्याची स्मृती गेली. आता तो घरीच असतो.

गेल्या रविवारी सूनबाईंनी पुठ्ठ्याच्या दहा पाट्या केल्या, प्रत्येकाला दोन-दोन. एका बाजूच्या पाटीवर बंगळूर, दुसरीवर ऑस्ट्रेलिया. जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही पाचही जण बसलो. चिरंजिवांनी आणि सूनबाईंनी ऑस्ट्रेलिया उचलले. सौ.नेही तेच उचलले. मी बराच वेळ दोन्ही पाट्यांवर हात ठेवून बसलो, आणि शेवटी बंगळूर उचलले. कोणी रागावले नाही. मुलगा एवढेच म्हणाला, “बाबा, तुम्ही खरं सांगितलंत ते बरं झालं.”

नातवाने एकही पाटी उचलली नाही. आपल्याला विचार करायचा आहे, असे तो म्हणाला. आम्ही त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.